जंगल विभागात प्राणी पडद्यापुरतेच?

रानवाट:
गेल्या आठवड्यात दोन्ही मुलांना घेऊन प्राण्यांच्या एका थीम पार्कमध्ये गेलो होतो. तिथे कुटुंबांसाठी नवा जंगल विभाग उघडलाय. दोरांचे पूल, उंच जाळ्या, पाण्याचे फवारे, झाडाच्या पोकळ बुंध्यासारखी घसरगुंडी, आणि या सगळ्याच्या मधोमध वाघ आणि ओरांगउटान, म्हणजे झाडांवर राहणारं मोठं लालसर वानर. मुलं दोन तास जाळ्यांवर होती. ओरांगउटानच्या काचेपाशी फार तर पाच मिनिटं. परतताना धाकटीला विचारलं, काय आवडलं? म्हणाली, "पूल हलत होता ते." मला फार वाईट वाटलं. बोर्निओ आणि सुमात्रा ही बेटं सोडून हा जीव रानात कुठेच राहिलेला नाही. मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं. इतकं दुर्मीळ काही समोर असताना तो नुसता खेळामागचा पडदा झाला होता. माझं मत स्पष्ट आहे: खेळ आणि प्राणी एका आवारात नकोत.

चिंचेचंझाड:
अजिबात पटलं नाही. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. नुसते पिंजरे आणि पाट्या असलेल्या ठिकाणी तो अर्ध्या तासात कडेवर येतो. अशाच एका जंगल विभागात तो जाळीवर अर्ध्यावर अडकला, तळहात लाल झाले. तेवढ्यात पलीकडे ओरांगउटान एका दोरावरून दुसऱ्यावर सहज गेला. मुलाने विचारलं, "त्याचे हात दुखत नाहीत?" मग आम्ही वीस मिनिटं तिथेच. पायांनीसुद्धा तो हातासारखंच पकडतो, हे त्याने स्वतः बघून मला दाखवलं. पाटी वाचून हे झालं नसतं.

रानवाट:
तुम्ही शेजारी होतात म्हणून झालं. बहुतेक पालक त्या वेळी बाकावर मोबाइलमध्ये असतात. मीही होतो, हे कबूल करतो.

भटक्या:
ही कल्पना नवी नाही. फ्लोरिडात टॅम्पाच्या बुश गार्डन्समध्ये 2008 साली 'जंगाला' उघडला, तिथेही वाघ, ओरांगउटान, चढायच्या जाळ्या आणि पाळणे असं सगळं एकत्र होतं. त्याच्या कितीतरी आधी, 1907 साली, जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने आपल्या प्राणीसंग्रहालयात पिंजऱ्यांचे गज काढून खंदक आणले. बघणाऱ्याला प्राणी मोकळ्या रानात असल्यासारखे दिसू लागले. पण दिसणं आणि असणं यात फरक आहे. म्हणून मी एकच विचारतो: ही रचना कोणासाठी केली आहे? वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालयात 1995 पासून ओरांगउटानांसाठी उंच मनोऱ्यांवर तारा ताणल्या आहेत. जायचं की नाही, कधी जायचं, ते प्राणी ठरवतो. लोक खालच्या वाटेवर माना वर करून उभे असतात. मुलं तिथेही खूश होतात, आणि झुलतो तो ओरांगउटान.

शेकरू:
भटक्या, मनातलं बोललात. मी काही वर्षं प्राण्यांची देखभाल केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ओरांगउटान रानात बहुतेक एकटा असतो, नाहीतर आई आणि पिल्लू. दिवसभर किंचाळणाऱ्या पोरांच्या गर्दीसमोर त्याला पाठ फिरवून आत जायला जागा आहे का, हे आधी बघा. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो. ते पाहून पालकच काच बडवतात: "उठ रे, उठ!" मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात. शिवाय मोठ्या टापूत फिरणाऱ्या मांसाहारी प्राण्यांना बंदिवास जास्त जाचतो, असं 2003 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात दिसलं होतं. अशा प्राण्याच्या कुशीला घसरगुंडी बांधणं मला क्रूर वाटतं.

चिंचेचंझाड:
काच बडवण्याबद्दल शंभर टक्के सहमत, ताई. पण घसरगुंडीसाठी येणाऱ्या गर्दीच्या तिकिटांवरच प्राण्यांचा दवापाणी चालतो ना? ब्राझीलचं सोनेरी टॅमरिन माकड संपत आलं होतं. प्राणीसंग्रहालयांत जन्मलेली माकडं 1984 पासून रानात सोडली, तेव्हा ते सावरलं. संग्रहालयं रिकामी पडली असती तर?

शेकरू:
टॅमरिन सावरलं ते अनेक संग्रहालयांनी वर्षानुवर्षं मिळून केलेल्या प्रजननामुळे आणि तिथलं रान राखल्यामुळे. त्याचं श्रेय घसरगुंडीला देऊ नका. नव्या विभागाच्या कमाईतला किती वाटा बोर्निओच्या जंगलासाठी जातो, हे पार्कने दारावर लिहावं. लिहिलं तर मी माझा विरोध थोडा मवाळ करीन.

पिंपळपान:
मला दोन्ही बाजू पटतात, पण एक सुचवते. जाळ्या काचेपासून लांब ठेवा, आणि वाट अशी आखा की आधी प्राणी, मग खेळ. थकलेलं मूल ओरांगउटानपाशी थांबत नाही, ताजंतवानं थांबतं.

रानवाट:
पिंपळपान, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही नेमकं उलटं केलं. तरी शेकरूताईंचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण वाट बदलली तरी आवाज तसाच राहतो. शनिवारी पुन्हा जातोय, उघडल्या उघडल्या. मोबाइल खिशात. काचेच्या आत आवाज किती पोचतो आणि त्या दोघांना आडोसा कुठे आहे, हे तिथल्या कीपरला विचारून इथेच लिहितो.