मदत हवी आहे: फ्लॅट की कर्व्ह्ड? बाइकच्या होल्डरला लावायचा फोन, बजेट २५ हजार

माणदेशी_एमआर

नमस्कार मंडळी, फोन घ्यायचाय आणि डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून धागा काढतोय. जुने धागे चाळले पण तिथे सगळं कॅमेरा नि प्रोसेसरवर चाललंय, स्क्रीन कडेला वळलेली घ्यावी की सरळ सपाट यावर धड कोणी बोललेलंच नाही, एकाने "कर्व्ह्ड म्हणजे नुसता शो" लिहिलंय आणि पुढे दोघं त्यावर भांडलेत, संपला विषय.

माझं काम सांगतो. मी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), सातारा, फलटण, दहिवडी, म्हसवड हा माझा पट्टा, दिवसातला बराच वेळ बाइकवर जातो. फोन हँडलला होल्डरमध्ये, मॅप चालू, मधेच स्टॉकिस्टचे फोन, प्रत्येक डॉक्टरला भेटलो की कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एंट्री, आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत भरपूर टायपिंग.

दुकानात दोन बघितले, दोन्ही मोटोरोला. एज ५० फ्यूजन (६.७ इंच, कर्व्ह्ड, ५००० एमएएच) आणि एज ५० निओ (६.४ इंच, फ्लॅट, ४३१० एमएएच). दोन्ही आयपी६८ (पाणी-धूळ आत न शिरण्याचं रेटिंग) आहेत त्यामुळे पावसाचा मुद्दा बराचसा सुटतो. दोन्ही २०२४ चे, म्हणजे ऑफरमध्ये बजेटात बसतात. बायकोने फ्यूजन हातात घेतला आणि निओकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. दिसतो भारीच, खोटं कशाला बोलू.

पण माझ्या होल्डरला चार रबरी पंजे आहेत जे फोनला दोन्ही बाजूंनी आवळतात. कर्व्ह्डमध्ये ते पंजे सरळ स्क्रीनवरच येणार ना? आणि टायपिंगला मी इनस्क्रिप्टवाला (थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड), त्यात एका ओळीत इंग्रजीपेक्षा एक बटण जास्त, अकरा, आणि अगदी डाव्या कडेला ओकार-औकार, उजव्या कडेला ड आणि ट. दुकानात फ्यूजनवर "मोठा डोस" टाइप करून बघितलं तर "मठा डस" झालं. सवयीने जमेल का हे कायमचंच दुखणं आहे? काच गार्डचं काय करतात लोक? जे स्वतः वापरतायत त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूब बघून झालंय.

रानवारा

वर्षाच्या वर कर्व्ह्ड वापरतोय (दुसऱ्या कंपनीचा). हातात घ्यायला मस्त, मोठा फोन असूनही बोचत नाही, आणि बॅक जायला अंगठा कडेवरून आत सरकवतो ना तेव्हा काचेची धार लागत नाही, हे एकदा अंगवळणी पडलं की फ्लॅट फोन खडबडीत वाटायला लागतो. टायपिंगला सुरुवातीला त्रास झाला, मग कीबोर्डची उंची वाढवली नि एका हाताने टायपिंग सोडलं. पण मी इंग्लिश अक्षरांतून मराठी टाइप करतो, इनस्क्रिप्टचं मला माहीत नाही.

आवडत नाही ते पण सांगतो. रात्री ट्यूबलाइटखाली वाचताना दोन्ही कडांना उजेडाची लांब रेघ दिसते आणि पांढऱ्या पानावर कडेला रंग जरा हिरवट-निळसर मारतो. पडल्या पडल्या वाचायला घेतला की तळहाताचं मांस कडेला लागून पान आपोआप खाली पळतं. सेटिंगमध्ये कडेचा टच कमी करायचा ऑप्शन काही फोनमध्ये असतो, माझ्यात आहे, त्याने बराच फरक पडला.

काचवाला

माझं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे, गार्डचं मी सांगतो.

कर्व्ह्डला साधी टेम्पर्ड बसत नाही. ती सपाट काच, मधे बसते आणि कडेला अधांतरी राहते, खाली धूळ शिरते. कडेला काळा पट्टा नि फक्त पट्ट्यालाच गोंद असलेली वाकडी काच मिळते ती घेऊ नका, मधे हवा राहते, टच बधीर होतो आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट रुसतो. उरते फिल्म (टीपीयू म्हणा, हायड्रोजेल म्हणा), ओरखड्याला ठीक, आपटण्याला शून्य उपयोग. किंवा मग यूव्ही काच.

यूव्हीत काय करतात तर स्क्रीनच्या मधोमध पातळ गोंद ओततात, वरून वाकवलेली काच हळूच टेकवतात, गोंद आपोआप कडेपर्यंत पसरतो, मग यूव्ही दिव्याखाली धरला की कडक होतो. काम नीट झालं तर झकास, हवा राहत नाही म्हणून फिंगरप्रिंटही चालतो. बिघडलं तर तोच गोंद कानाच्या स्पीकरच्या जाळीत नाहीतर साइडच्या बटणांत, आणि मग गिऱ्हाईक आठवड्याने येतं की समोरच्याचा आवाज बारीक येतो. आमची पोरं आधी जाळी नि बटणांवर टेप लावतात. जिथे टेप न लावता बाटली उघडतात तिथून सरळ उठून या. आणि यूव्ही काच फुटली की काढणं हेही एक प्रकरणच, सावकाश गरम करत सोलावी लागते. फ्लॅटला काय, पुसली, लावली, झालं, फुटली तर तुम्ही घरीसुद्धा बदलाल.

आता पडण्याचं. फोन कधी सपाट पडत नाही, कोपऱ्यावर नाहीतर कडेवर आपटतो. फ्लॅटमध्ये बाजूची फ्रेम उभी असते, पहिला मार ती खाते, वर कव्हरची कड स्क्रीनच्या वर येते. कर्व्ह्डमध्ये फ्रेम बाजूला पार बारीक झालेली आणि काच खाली उतरलेली, कव्हरलाही तिथे कड देता येत नाही नाहीतर वळणच झाकलं जाईल. म्हणजे मार थेट काचेला. आणि फ्लॅटची नुसती वरची काच फुटली असेल, आत डिस्प्ले शाबूत असेल, तर चांगला कारागीर काच तेवढी बदलून देतो. कर्व्ह्डला ते जमवणारे फार थोडे, बहुतेक ठिकाणी "पूर्ण फोल्डर बदला" (म्हणजे काच नि डिस्प्लेचा अख्खा जोड) हेच उत्तर मिळतं, आणि ओलेड स्क्रीनचा ओरिजिनल फोल्डर म्हणजे फोनच्या किमतीचा चांगला मोठा लचका.

तुमचा धंदा बाइकवरचा. मी तर फ्लॅटच म्हणेन, कर्व्ह्डची काच विकण्यात मला जास्त सुटतात तरी.

उगाच_एक_शंका

वहिनींना फ्यूजन घेऊन द्या, तुम्ही निओ घ्या. प्रश्न मिटला, बजेट मेलं 😄

स्पेकशीट_भक्त

थोडं विषयांतर पण उपयोगाचं. ही वाकडी स्क्रीन आली ती श्रीमंत फोनमधून. सॅमसंगने २०१४ च्या नोट एजला एकाच बाजूला वळण दिलं, २०१५ ला एस६ एजला दोन्ही बाजूंना, २०१७ ला एस८ मध्ये तर फ्लॅटचा पर्यायच ठेवला नाही. २०१९ ला हुआवेच्या मेट ३० प्रोची स्क्रीन बाजूला इतकी खाली उतरली की आवाजाची बटणंच काढून टाकली. आयफोनने मात्र हा नाद कधी केला नाही.

पुढे वारं फिरलं. गूगलने पिक्सेल ६ प्रोला वळण दिलं होतं, २०२३ च्या ८ प्रोला सपाट केलं. सॅमसंगने २०२४ च्या एस२४ अल्ट्राला सपाट केलं, आधीच्या अल्ट्रात कडेला पेन धड चालायचं नाही. आणि नेमकं त्याच सुमारास २०-३० हजारांत वाकड्या स्क्रीनचा पूर आला, रिअलमी ११ प्रो काय, रेडमी नोट १३ प्रो प्लस काय. वरच्या घरातून उतरलेले कपडे खालच्या घरात दिवाळीला घालतात तसं चाललंय. लाखाचा फोन घेणाऱ्याला जे नको झालं ते आपल्याला "प्रीमियम लुक" म्हणून विकतायत असं माझं स्पष्ट मत.

वळणासाठी लवचिक ओलेड लागतं, एलसीडी तसं वाकवता येत नाही, म्हणून वाकडी स्क्रीन बघून लोक समजतात की पॅनेल भारीच असणार. फ्लॅटमध्येही तेवढंच चांगलं ओलेड मिळतं, निओमध्ये आहेच.

रायडर_काका

पंज्यांची तुमची शंका बरोबर आहे. माझ्या भाच्याच्या कर्व्ह्ड फोनवर हेच व्हायचं, खड्डा आला की पंजा कडेला दाबायचा आणि मॅप कुठच्या कुठे, कधी झूम होऊन समुद्रात. जाड कव्हर घातलं की कमी होतं पण मग वळणाचा उपयोग काय राहिला?

दुसरी गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, फ्लॅट असो की कर्व्ह्ड, कॅमेरा जपा. अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार कंपनं हँडलवाटे फोनला लागली तर कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन खराब होऊ शकतं. ओआयएसवाला (लेन्स हलवून फोटो स्थिर करणारा) कुठलाही फोन त्यात आला. होल्डरखाली लावायचा रबरी डॅम्पर मिळतो, तो घ्या.

माणदेशी_एमआर

सगळ्यांचे आभार, एवढं दुकानात कोणी सांगत नाही. काचवाला भाऊ, तुम्ही सातारकडचे असाल तर गिऱ्हाईक पक्कं.

फ्यूजन कटाप. पण निओची बॅटरी बघून मन मागे येतंय, ४३१० मध्ये दिवसभर मॅप चालेल असं वाटत नाही. बाइकला चार्जर आहे पण पावसात तो मी बंदच ठेवतो. आणि ६.४ इंचावर इनस्क्रिप्टची बटणं आणखी बारीक होणार.

स्पेकशीट_भक्त

मग निओचा हट्ट कशाला? २०२५ चे दोन बघा. नथिंग फोन ३ए, फ्लॅट, ६.७७ इंच, ५००० एमएएच, पण आयपी६४ म्हणजे शिंतोड्यापुरतं. सॅमसंग ए३६, फ्लॅट, ६.७ इंच, ५००० एमएएच आणि आयपी६७. ऑफर धरून दोन्ही तुमच्या बजेटच्या आसपास येतील. बाइक नि पाऊस बघता मी ए३६ कडे झुकेन. निओसारखा तीनपट झूम त्यात नाही, ते चालत असेल तर.

माणदेशी_एमआर

झूम कशाला हवाय, बिलांचे नि प्रिस्क्रिप्शनचे फोटो काढायचे असतात. शनिवारी ए३६ बघायला जातो. घरच्या आघाडीवर काय सांगायचं ते माझं मी बघतो.

रायडर_काका

जाताना होल्डर सोबत न्या, दुकानदार हसला तर हसू दे. फोन प्रत्यक्ष लावून बघा, पॉवर नि व्हॉल्यूम उजव्या बाजूला एकाखाली एक आहेत, पंजा बरोबर त्यांच्यावर आला तर दर खड्ड्याला स्क्रीन बंद होईल. वर-खाली सरकवून जागा सापडली तरच घ्या, नाहीतर पंज्यांऐवजी खालून-वरून पकडणारा होल्डर बघा.

काचवाला

आणि डिस्प्लेला ठेवलेल्या डेमो पीसवर तुमचा कीबोर्ड टाकून "मोठा डोस" लिहून बघा. गार्ड तिथेच लावू नका, दुकानात अव्वाच्या सव्वा घेतात.