कैलास काटकरांबद्दल थोडं अजून

इथे एकाने लिहिलंय की क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीवाल्या कैलास काटकरांना दहावीनंतर शिक्षण नसतानाही यश मिळालं म्हणजे नशीबच. मला हे अजिबात पटत नाही. मी नाशिकला एम. जी. रोडवर एका दुकानात बरीच वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंग केलंय, त्यामुळे थोडं सांगतो.

त्यांनी पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ४०० रुपये पगारावर सुरुवात केली, मग १९९० च्या सुमारास स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढे तिथे कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले. आता बघा, रिपेअरवाल्याला काय दिसतं? तेच मशीन महिन्याभरात परत येतं, फ्लॉपीतून परत तोच व्हायरस, गिऱ्हाईक वैतागलेलं आणि आपण पुन्हा फॉरमॅट मारत बसलेलो. मी हे रोज बघत होतो पण त्यावर कायमचा उपाय बनवायचा हे डोक्यात आलं नाही, त्यांच्या आलं. आणि धाकटा भाऊ संजय, जो कॉम्प्युटर शिकत होता, त्याला त्यांनी त्याच कामाला लावलं, १९९५ च्या आसपास पहिलं अँटीव्हायरस तयार झालं. कोडिंग संजयचं, हे लोक विसरतात, फार वाईट वाटतं.

पुढे २०१० मध्ये कंपनीत सिकोया या गुंतवणूक फर्मची गुंतवणूक आली, २०१६ मध्ये शेअर बाजारात लिस्टिंग. पण मला विचाराल तर खरी गोष्ट त्या दुकानातलीच आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी तेवढीच सांगतो.