स्प्रिंग बदलणे म्हणजे पेनातली कांडी बदलणे नव्हे

जुनी नळी:
‘छऱ्याच्या रायफलीची तुटलेली स्प्रिंग बदलणे हे पेनातली कांडी बदलण्याइतके सोपे आहे, एक पेचकस, एक हातोडी आणि पंधरा मिनिटे पुरतात,’ असे ‘स्वावलंबी’ यांनी काल लिहिले. त्याखाली ‘वा, आजच करून बघतो’ म्हणणाऱ्यांची रांग पाहून मला गप्प राहवले नाही. पेनातली स्प्रिंग निसटली तर पलंगाखाली जाते. रायफलीची स्प्रिंग मात्र पिस्टन पुढे झेपावून छऱ्यामागे हवा दाबते, आणि बंदूक चढवलेली (नळी सांध्यावर मोडून झाडायला तयार केलेली) नसतानाही ती काही सेंटिमीटर दाबूनच बसवलेली असते, आणि सिलिंडरच्या मागची खीळ ठोकून काढली की तो सगळा दाब मागच्या ठोकळ्याला बाहेर भिरकावतो. माझा ठोकळा कानाजवळून जाऊन कपाटाच्या दारात रुतला होता. ती खोक मी मुद्दाम बुजवलेली नाही. ठोकळा शिकंज्यात धरून, तो दाब हळूहळू सैल करायचा असतो, याविषयी आपल्या लेखात एक अक्षर नाही. नळीत छर्रा राहिला नाही ना, हे आधी पाहण्याविषयीही नाही.

स्वावलंबी:
शिकंज्याचा उल्लेख राहिला, हे मान्य. वाचकांना तेवढी अक्कल असेल असे मी गृहीत धरले होते. ती आपल्याला कपाट फोडल्यावर आली, हे आजच कळले. पण पर्याय तरी काय? मी एकदा रायफल कारागिराकडे दिली होती. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा दस्त्याच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या होत्या आणि पिस्टनचे नवे सील पहिल्या पन्नास छऱ्यांतच फाटले, कारण सिलिंडरला जी लांब खाच असते तिच्या धारदार कडा कोणी घासल्याच नव्हत्या आणि सील आत सरकवताना त्यांच्यावरूनच न्यावे लागते. पुढच्या वेळी त्या कडा मीच बारीक पॉलिश कागदाने घासल्या, स्प्रिंगला मोलिब्डेनम ग्रीसचा पुसट हात दिला, आणि आता दर महिन्याला सिलिंडरमधली हवा नळीत जाते त्या छिद्रातून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडतो. तीन वर्षे तक्रार नाही.

धूर नको:
स्प्रिंगचे राहू द्या, हे तेलाचे काय लिहिलेत? पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा समोरची हवा क्षणात दाबली जाऊन इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिनात इंधन पेटते ते याच तत्त्वावर. मग ‘फट्’ऐवजी ‘धडाम्’ होते, नळीतून निळसर धूर येतो, जळका वास सुटतो, आणि माझ्या भावासारखे महाभाग ‘बंदुकीत जोर आला’ म्हणून खूश होतात. त्याच्या रायफलीचे सील कडेने करपून निघाले होते आणि स्प्रिंग मधोमध वाकली होती. आपली नवी स्प्रिंगही उद्या तुटली तर कशाने, याचे उत्तर आपण त्या दोन थेंबांतच दिलेले आहे.

चामडी वॉशर:
इतका ठामपणा बरा नव्हे. माझ्याकडे वडिलांची रायफल आहे, तिचे सील चामड्याचे आहे, आणि चामड्याला तेल दिले नाही तर ते वाळून आक्रसते व हवा बाजूने निसटते. वडील नवे चामडे बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजत ठेवायचे आणि सकाळी दोन बोटांत दाबून पाहायचे. तेल नुसते पाझरले पाहिजे, ठिबकता कामा नये. ती बंदूक आपल्या जन्माआधीपासून चालते आहे.

धूर नको:
माझे वय आपल्याला कसे ठाऊक? चामड्याला तेल हवे, हे मी नाकारलेलेच नाही. ‘स्वावलंबी’ यांचे सील कृत्रिम आहे, आणि त्याला छिद्रातून तेल पाजण्याचे काहीच कारण नाही. आपल्या वडिलांच्या बंदुकीचा नियम सगळ्या जगाला लावू नका.

चामडी वॉशर:
आणि आपण आपल्या भावाच्या बंदुकीचा लावू नका.

मधलाच:
तेलाची लढाई आटोपली असेल तर एक विचारतो: स्प्रिंग तुटली होती हे नक्की का? चढवताना करकर ऐकू आली आणि नळी नेहमीपेक्षा कमी जोर लावून खाली मोडली तर संशय रास्त आहे. नुसता जोर कमी झाला असेल तर नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू कागदाचा कपटा ठेवून, सुरक्षित लक्ष्यावर एक छर्रा झाडावा. कपटा उडाला तर हवा तिथल्या रबरी कडीतून निसटते आहे. मी दोन रविवार खर्चून पूर्ण रायफल उघडली आणि दोष त्या कडीत निघाला. ती बदलायला सुई पुरली असती.

जुनी नळी:
हे मात्र मलाही आधी कोणी सांगायला हवे होते. कपाट तरी वाचले असते.

स्वावलंबी:
माझी स्प्रिंग दोन तुकड्यांत बाहेर आली होती, त्यामुळे कपट्याची गरज नव्हती. शिकंज्याची आणि नळी रिकामी असल्याची खात्री करण्याची ओळ मी लेखाच्या सुरुवातीलाच घातली आहे, तेलाची काढून टाकली आहे. ‘धूर नको’ यांना आता झोप लागावी. पंधरा मिनिटांचे दीड तास केले आहेत. पेनाची उपमा मात्र काढणार नाही, ती मला आवडते.