खोक्यांना आणि पेट्यांना भोकं कशासाठी? पाडायची तर कुठे?

नवा_पॅकर
फळं-भाज्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना बाजूने भोकं असतात, तर उघड्यावर बसवायच्या इलेक्ट्रिक पेटीला तळाला. पाणी शिरू नये म्हणून रबर लावलेल्या पेटीला भोक कशाला? आणि बिनभोकांची खोकी आणून आपणच भोकं पाडली तर चालतं का?

थप्पी
खोक्यांपुरतं सांगतो. फळ तोडल्यावरही श्वास घेतं, म्हणजे उष्णता, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडत राहतं. उष्णता कोंडली की श्वसन आणखी वाढतं. वाफेने फळं घामेजतात, बुरशी धरतात, आणि ओल पिऊन पुठ्ठाही लिबलिबीत होतो. खालचं खोकं बसतं ते बऱ्याचदा या ओलीमुळे.

भोकं जरूर पाडा, पण जागा बघून. थप्पीचा बहुतेक भार खोक्याचे चार कोपरे पेलतात, त्यामुळे कोपऱ्यापासून ४ ते ७ सेंटिमीटर तरी सोडा. पुठ्ठ्यातली फ्लूट, म्हणजे दोन कागदांमधला नागमोडी थर, सहसा उभी असते आणि वजन तीच धरते. आडवी खाच ओळीने फ्लूट कापत जाते, म्हणून लांबट खाच उभीच हवी, किमान १३ मिलिमीटर रुंद. त्याहून बारीक भोकं फळ टेकलं की बुजतात. एका बाजूच्या क्षेत्रफळाच्या साधारण ५ टक्के जागा उघडी पुरते. ४० × २५ सेंटिमीटरच्या बाजूला ५० चौरस सेंटिमीटर झाले, म्हणजे साधारण २ × ८ सेंटिमीटरच्या तीन खाचा. बारीक भोकांची चाळण करण्यापेक्षा मोजक्या मोठ्या खाचा कधीही चांगल्या.

धारदार कटर वापरा. बोथट पातं पुठ्ठा दाबतं, आणि चेपलेली फ्लूट कापल्यासारखीच निकामी.

वारा_येऊ_द्या
@थप्पी, एक भर घालतो. एका खोक्याची भोकं शेजारच्या खोक्याच्या भोकांसमोर आली नाहीत तर हवा आरपार जातच नाही. विटांसारखी आडवी-उभी थप्पी लावली की हमखास हेच होतं, शिवाय कोपऱ्यावर कोपरा न आल्याने थप्पीची ताकदही बरीच घटते. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचा आणि पट्ट्यांनी बांधा. आत प्लॅस्टिकची पिशवी अंथरत असाल तर तिलाही भोकं हवीत, नाहीतर बाहेरच्या खाचा नुसत्या दिसायला.

हात घालायच्या भोकाचं काम वेगळं. ते आखूड बाजूंवर, मध्याच्या वर असतं. तिथला पुठ्ठा कापून टाकू नका, वरच्या कडेला जोडलेला ठेवून आत दुमडा, म्हणजे बोटांना धार लागत नाही.

ग्लँड_घट्ट
आता इलेक्ट्रिक पेटी. रबर कितीही चांगलं असलं तरी पेटी हवा ओढतेच. उन्हात ४५ अंशांवर तापलेली १० लिटरची पेटी २५ अंशांवर आली की आतली हवा सुमारे ६०० मिलिलिटरने आकसते. तेवढी हवा ग्लँडमधून (केबल पेटीत शिरते तिथली आवळायची जोडणी), केबलच्या सालीखालून आत खेचली जाते. तापल्या पेटीवर अचानक पाऊस पडला तर रबराच्या कडेला साचलेलं पाणीही आत जातं. रात्री वाफेचं दव होतं आणि तळाशी पाणी साठत जातं. ते निघून जावं म्हणून तळाला भोक.

भोक सगळ्यात खालच्या बिंदूला, ६ मिलिमीटरच्या आसपास. २-३ मिलिमीटरच्या भोकात थेंबच अडकून बसतो. ड्रिल बाहेरून मारलं तर कड आत उभी राहते आणि तिच्यामागे पाणी थांबतं, म्हणून आतल्या तोंडाची कड कानसून सपाट करा. आधी वीज बंद करा, कीस झटकून काढा. मनाने भोक पाडलं की पेटीचं आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा ठरलेला दर्जा, मात्र गेलं. बनवणाऱ्याने खूण करून दिलेली जागा असेल तर तीच फोडा, किंवा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणारं बूच, बसवा. पडद्याचा ब्रीदर, म्हणजे हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असलेलं छोटं बूच, फक्त हवा नि वाफ सोडतो, साठलेलं पाणी काढत नाही. तो बाजूला बसवा, तळाला नाही.

नवा_पॅकर
ब्रीदर आणि ड्रेन प्लग दोन्ही लावले तर?

ग्लँड_घट्ट
उत्तम. प्लग तळाला, ब्रीदर बाजूला वरच्या अंगाला, पण पाण्याची धार थेट बसणार नाही अशा जागी. ब्रीदरवर रंग मारू नका, पडदा बुजतो.