शब्दचर्चा : मेमरी चिपमधला ‘पत्ता’, ‘ओळ’ आणि ‘मांडणी’

प्रश्न : ४१६४ ही डायनॅमिक रॅम चिप. तिला पत्त्याच्या पिना आठच, पण डेटाशीटमध्ये जागा ६५,५३६. आठ पिनांवर तर २५६च आकडे मांडता येतात. मग त्यांना ‘पत्त्याच्या पिना’ म्हणणंच चुकतंय का?

उत्तर : नाव बरोबर आहे, पत्ता दोन हप्त्यांत येतो एवढंच. आधी आठ बिट ठेवून ‘रास’ (RAS, पहिला हप्ता आल्याची खूण देणारी) ही रेषा खाली आणायची, म्हणजे तिचा व्होल्टेज उतरवायचा; चिप ते बिट धरून ठेवते. मग त्याच पिनांवर उरलेले आठ बिट ठेवून ‘कास’ (CAS, दुसऱ्या हप्त्याची खूण) खाली आणायची. झाले सोळा. याच युक्तीमुळे चिप १६ पिनांत बसली. मराठीत ‘पत्ता’ पूर्ण सोळा बिटांनाच म्हणावं; हप्त्यांना ‘ओळक्रमांक’ आणि ‘स्तंभक्रमांक’.

दुसरं मत : पाठ्यपुस्तकांतल्या ‘रांग’पेक्षा ‘ओळ’च बरी. रांग उभीही असते, आडवीही, आणि इथे तो घोळ परवडत नाही. रासबरोबर अख्खी ओळ एकदम वाचली जाते, वाचताना कप्प्यांतला विद्युतभार (बिट त्याच रूपात साठवलेला असतो) निघून जातो आणि चिप तो पुन्हा भरते. स्तंभक्रमांक त्या ओळीतला बिट निवडतो. म्हणून रिफ्रेशला, म्हणजे भार गळून जाण्याआधी तो ठरावीक वेळाने पुन्हा भरण्याला, ओळक्रमांक पुरतो. (रिफ्रेशला ‘पुनर्भरण’ म्हणावं. ‘ताजं करणं’ यातून भाराचा पत्ताच लागत नाही.)

इथेच फसगत होते. झेड८० हा प्रोसेसर रिफ्रेशचा ओळक्रमांक स्वतः देतो, पण त्याचे सातच बिट पुढे सरकतात, म्हणजे १२८ ओळी. काही उत्पादकांच्या ४१६४ला २ मिलिसेकंदांत १२८ फेऱ्या पुरतात, काहींच्या चिपला ४ मिलिसेकंदांत २५६ लागतात. ही दुसरी जात झेड८०च्या भरवशावर चालणाऱ्या बोर्डात बसवली, की निम्म्या ओळींचं पुनर्भरण होतच नाही.

पुरवणी : ‘६४के × १’ हे ‘चौसष्ट के बाय एक’ असं वाचा : ६५,५३६ जागा, प्रत्येकीत एक बिट. ही झाली ‘मांडणी’. ६२६४ या स्टॅटिक रॅममध्येही (हिला पुनर्भरण लागत नाही) बिट तितकेच, पण मांडणी ८के × ८. पत्त्याच्या १३ पिना, हप्ते नाहीत. ‘६४के’ म्हणजे ६४ किलोबाइट समजून एकच ४१६४ मागवणारे पुष्कळ. तेवढ्यासाठी आठ लागतात : पत्ता, रास, कास सगळ्यांना सामाईक, डेटाची रेषा प्रत्येकीची वेगळी. त्यामुळे हेक्स (सोळाच्या पायातले) ५५ लिहून दर वेळी, कुठल्याही पत्त्यावर, ५४ वाचलं जात असेल (दोन्हींत फरक फक्त सर्वांत खालच्या, म्हणजे शून्याव्या बिटाचा), तर आधी शून्याव्या बिटाची चिप बदलून पाहा.