प्लगची गोटी कितीची?

(सातारा, सोसायटीचा ग्रुप, रविवार)

निलेश, बी विंग – ८:१२
कुणाकडं बाइकच्या प्लगची गोटी (सॉकेट) आहे का? काल पोवई नाक्यावरून नवी आणली. दुकानदार म्हणाला, "प्लगची गोटी एकच साइजची असते." ती विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) शिरतच नाही. गाडी १२५ सीसीची, सीटखालचा पाना हरवलाय.

सुहास काका – ८:१९
गोटीवर आकडा काय आहे? २१ असणार.

निलेश – ८:२०
हो, २१ 😐

सुहास काका – ८:२४
मग ती चौदा एमएम आट्याच्या प्लगची झाली. आरएक्स १००, जुनी चेतक असल्या गाड्यांना चालते. आताच्या बहुतेक १००-१२५ च्या बाइकना प्लगचा आटा १० एमएमचा आणि वरचं षट्कोनी डोकं १६ चं असतं. तरी अंदाजानं दुसरी आणू नकोस. गाडीच्या पुस्तकात प्लगचा नंबर असेल तो इथं टाक.

निलेश – ८:३१
एनजीके, सीपीआर८ईए-९

सुहास काका – ८:३८
बरं. या कंपनीच्या प्लगचं पहिलं अक्षर बघायचं.
सी असेल तर आटा १०, गोटी १६.
डी असेल तर आटा १२, गोटी १८.
बी असेल तर आटा १४, गोटी २१. पण बीच्या मागं के किंवा सी असेल (बीके, बीसी), तर आटा १४ चाच राहतो आणि गोटी १६ लागते. इथं बरेच जण फसतात.
बॉशच्या प्लगला यू म्हणजे १० चा आटा, १६ ची गोटी. डब्ल्यू म्हणजे १४ चा आटा, २१ ची गोटी.
तुझा सी, म्हणजे १६ आण.

प्रसाद, ए विंग – ८:४१
काका, काही गाड्यांना १४ चीही गोटी लागते. होंडा सीबीआर २५० आरचा प्लग एसआयएमआर८ए९ आहे. आटा १० चाच, पण डोकं १४ चं. म्हणून "१० चा आटा म्हणजे १६ ची गोटी" असं डोळे झाकून धरू नका.

सुहास काका – ८:४२
बरोबर.

तात्या – ८:५५
आमच्या वेळंला पाच सूत न् साडेसहा सूत म्हणायचे. पाच सूत म्हणजे ५/८ इंच, मापानं १५.८८ एमएम. साडेसहा सूत म्हणजे १३/१६, २०.६४ एमएम. बाहेरच्या देशातल्या सेटवर हेच आकडे छापलेले असतात. ५/८ लिहिलेली *प्लगचीच* गोटी १६ च्या डोक्यावर बसते. साधी ५/८ ची नटाची गोटी कधी कधी घट्ट होते, तिला हातोडीनं बसवू नका.

ॲडमिन – ९:००
🙏 टँकर ११ वाजता येतोय. गेटजवळच्या गाड्या बाजूला घ्या.

निलेश – ९:०६
गाडी हलवतो. तर १६ ची आणली की झालं ना?

प्रसाद – ९:१५
नाही. आकडा बरोबर असूनही गोटी न बसण्याची खरी भानगड पुढंच आहे. गोटीची *बाहेरची* जाडी (व्यास) बघ. अर्धा इंची चौकाच्या (दांडा बसतो त्या चौकोनी भोकाच्या) १६ च्या गोटीची भिंत जाड असते, ती इंजिनाच्या हेडच्या विहिरीत अडकते. तीन सुती (३/८ इंच) चौकाची बाहेरून साधारण २१-२२ एमएम भरते, पातळ भिंतीची त्याहून कमी. गाडीबरोबर येणारा नळीचा प्लग पाना बसतो तो याचमुळं, पत्रा पातळ असतो ना.

निलेश – ९:१७
विहीर मोजायची कशी? व्हर्नियर नाही माझ्याकडं.

प्रसाद – ९:२६
जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घे. कॅप (प्लगवरचं वायरीचं बूच) काढ, प्लग जागेवरच असू दे. कागदाची सुरळी करून विहिरीत सोड आणि हात सैल कर, ती उलगडून भिंतीला टेकते. जिथं कागदावर कागद आलाय तिथं पेनानं खूण कर, बाहेर काढून त्याच खुणेवर टेप लाव आणि पट्टीनं रुंदी मोज. गोटीची बाहेरची जाडी त्याहून निदान एक एमएम कमी हवी.

वैशाली ताई, सी विंग – ९:३०
आणि आतली खोलीही बघ. साधी आखूड नटाची गोटी डोक्यापर्यंत पोचायच्या आतच प्लगच्या टोकावर टेकते. तसंच दाबून फिरवलं की गोटी तिरकी होते आणि पांढऱ्या चिनीमातीला तडा जातो. तडा केसासारखा असतो, दिसत नाही. गाडी सुरू होते, पण चढाला झटके मारते. नवा प्लग दुकानातच गोटीत घालून बघायचा, डोकं पूर्ण आत गेलं पाहिजे.

निलेश – ९:३३
ताई, चिनीमातीवर तपकिरी कडं दिसतं, तो तडाच का?

वैशाली ताई – ९:३६
पत्र्याच्या काठालगतचं तपकिरी कडं म्हणजे डाग आहे रे, जास्त व्होल्टेजमुळं हवेतली तेलकट धूळ तिथं चिकटते. त्यानं काही बिघडत नाही. टोकापासून खाली गेलेली बारीक काळी रेघ दिसली तर प्लग बदल.

तात्या – ९:४०
गोटी सहा कोनीच घे. बारा कोनी घेतलीस तर जुन्या झिजलेल्या डोक्याचे कोपरे मारून टाकते.

निलेश – ९:४४
आत रबरवाली घेऊ का चुंबकवाली?

प्रसाद – ९:५३
विहीर खोल असेल तर दोन्हीतली एक हवीच, नाहीतर सुटलेला प्लग वर येणार कसा. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात दोन प्लग, एनएस २०० ला तीन. असल्या गाड्यांना साधी गोटी घेऊन बसलात तर दिवस जाईल.
रबरवालीचा एक त्रास आहे. प्लग आवळून झाला की रबर चिनीमाती सोडत नाही. वर ओढलं की एक्स्टेन्शन (गोटीला जोडलेला लांब दांडा) हातात येतं आणि गोटी विहिरीतच राहते. म्हणून गोटी आणि एक्स्टेन्शनच्या जोडावर आधीच इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारा. नाहीतर आवळताना रबर काढून ठेवा.

सुहास काका – १०:०२
आता काढायची रीत. इंजिन पूर्ण गार हवं, हेड ॲल्युमिनियमचं आहे. कॅप वायरीला धरून ओढायची नाही, बूड धरून थोडी पिळायची. मग विहिरीत हवा मार. आपल्याकडं उसाच्या हंगामात त्या खड्ड्यात काय काय साठतं ते बघच, प्लग निघाला की ते सगळं थेट सिलिंडरात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं काम होतं.
प्लग अर्धा फेरा फिरून करकरला तर जोर लावू नकोस. परत थोडा आवळ, गंज सोडवायचं तेल मार, दहा मिनिटं थांब, मग मागं-पुढं करत काढ. दहाच्या आट्याची मान बारीक असते, मोडली तर हेड उतरवावं लागतं.

निलेश – १०:०५
बसवताना?

सुहास काका – १०:१३
रॅचेट (गोटी फिरवायची मूठ) बाजूला ठेव. पेट्रोल पाइपचा ६ एमएम आतल्या मापाचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढव आणि त्यानंच फिरवत बसव. आटा तिरका लागला तर पाइप आपोआप घसरतो. गोटी आणि रॅचेट असेल तर कळतसुद्धा नाही, आटा कापत जातो.
हातानं टेकला की गोटी लाव. नवा प्लग असेल तर अर्धा फेरा, तेवढ्यात वॉशर दाबला जातो. जुनाच परत बसवत असशील तर वॉशर आधीच दबलेला असतो, घड्याळात बारावरून एकवर काटा जातो तेवढंच. टॉर्क पाना असेल तर १० च्या आट्याला १०-१२ न्यूटन मीटर, १४ च्या आट्याला २५-३०. आट्याला ग्रीस लावू नकोस, त्यानं नकळत जास्त आवळला जातो.

वैशाली ताई – १०:१७
दोन गोष्टी राहिल्या. जुन्या प्लगच्या टोकावर बारीक धातूची टोपी नसेल तर नव्यावरचीही फिरवून काढ, नाहीतर कॅप बसणार नाही. आणि तुझ्या नंबरातला ई म्हणजे आटा १९ एमएम लांब. एच म्हणजे १२.७. एचच्या जागी ई लावला तर पिस्टनला धडकू शकतो, दुकानदार "चालतंय की" म्हणाला तरी.

निलेश – १०:२१
शेवटच्या -९ चं काय?

वैशाली ताई – १०:२२
गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.९ एमएम. गॅप मोजायची पट्टी घालून बघ, ०.८ ते ०.९ च्या मध्ये ठेव. प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर आधी गॅपच बघायची.

तात्या – १०:३०
निलेश, माझ्याकडं १६ ची पातळ आहे, तीन सुती चौकाची. वर येऊन घेऊन जा. परत देताना आतलं रबर आहे का बघून दे, मागच्या वेळंला प्रसादच्या गाडीत राहिलं होतं.

प्रसाद – १०:३१
🙈 आणतो तात्या.