मदत हवी आहे : गावच्या जमिनीसाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) लागतंच का?

वडील जाऊन चार महिने झाले. गावाकडे सव्वादोन एकर जिरायत, त्यांच्याच नावावर. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे. फेरफारासाठी अर्ज केला तर तलाठी भाऊसाहेब म्हणतात, "आधी कोर्टातून प्रोबेट आणा." माझ्या माहितीप्रमाणे महाराष्ट्रात ती सक्ती मुंबईपुरती होती, आमच्या तालुक्याला कधीच नव्हती. तसं सांगितलं, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्याला हाक मारली! बहिणींची हरकत नाही, सही द्यायला तयार आहेत. मग सरळ सहा-क ला (गावच्या वारस नोंदवहीत) वारसनोंद लावून नंतर हक्कसोडपत्र करावं, की मृत्युपत्रावरच अडून मंडल अधिकाऱ्यांकडे जावं? हल्लीच कुणी यातून गेलं असेल तर कागद कुठले जोडले तेवढं सांगा. आई रोज विचारते, "सातबारा झाला का रे?"